लायलॅकमागची पाटी

"अंगण माझं, तर आवाजही माझा," असं अर्डिस टोर्विकबाई उठता-बसता म्हणायच्या. आयोवातल्या त्या छोट्या गावात मतदान आलं आणि त्यांचं अंगण मुकं राहिलं, असं कधी घडलं नाही.

या खेपेला तर जीव टांगणीला लागला होता. गावचा पोहण्याचा जुना तलाव दुरुस्त करायचा की बुजवायचा, याचा कौल मंगळवारी होता. त्याच पाण्यात अर्डिसबाईंनी निम्म्या गावाला तरंगायला शिकवलं होतं. त्यांनी तारेच्या दोन पायांची पाटी रस्त्याकडेच्या गवतात रोवली, 'तलाव राखा'.

शनिवारी सकाळी नगरपालिकेचा वेंडेल आला आणि त्यानं ती उपटली. त्याच्या गाडीत दोन्ही बाजूंच्या पाट्यांचा ढीग होता.

"अरे, माझ्याच गवतातून?"

"पायवाट ते रस्ता ही पट्टी गावाची, अर्डिसबाई. तुमचं अंगण पायवाटेच्या आत."

"लग्न होऊन आले तेव्हापासून कापतेय मी ते गवत!"

"कापायचं तुम्ही, मालकी गावाची. तोही नियमच आहे."

पायवाटेच्या आत लगेच लायलॅकच्या झुडपांचं उंच कुंपण होतं. नवऱ्याच्या हातचं, फुलांनी ओथंबलेलं. त्याला कात्री लावायचा विचारही बाईंच्या मनात आला नाही.

"त्याच्यामागे लावली तर वाचणार कोण? खारी? लहानपणी पोहायला शिकताना नाकात पाणी गेलं की माझ्या गळ्याला मिठी मारायचास तू. आणि आज माझीच पाटी बुडवतोस?"

वेंडेलचे कान लाल झाले. "माझंही मत तलावालाच आहे हो. पण गावाच्या जमिनीत रोवलेली पाटी मला काढावीच लागते."

"जमिनीत रोवलेली?"

"हो."

बाईंचे डोळे लकाकले. त्यांनी ओसरीवरून आपला चालताना धरायचा चाकांचा आधार-गाडा ढकलत आणला, पाटीचे दोन्ही पाय त्याच्या पुढच्या दांडीत खोचले. "आता सांग बाबा, ही कुठे रोवलीय?"

वेंडेलनं गाड्याला एक फेरी मारली. डोकं खाजवलं. मग खिशातून दोरी काढून पाटी घट्ट बांधली. "डावीकडे कलत होती," तो पुटपुटला.

बाई शनिवारच्या बाजाराकडे निघाल्या. चाकं खडखडत होती, पाटी ताठ डुलत होती. धान्याच्या कोठाराशी ती वळेपर्यंत वेंडेल टोपी हातात धरून पाहत राहिला.