लेन्सवरची पिवळी खूण

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि ते काळेवाडीतल्या आमच्या घराकडे पाहुण्यासारखे बघायला लागले. ही भिंत हिरवी कधी केली, पंख्यावर एवढी धूळ कशी, तुझे केस इतके पांढरे कधी झाले. आईने तर सांगूनच टाकलं, "दिसत नव्हतं तेच बरं होतं तुमचं." चौथ्या दिवशी ते मला म्हणाले, "माझा कॅमेरा काढ बरं."

कॅमेरा कपाटाच्या वरच्या कप्प्यात स्वेटरांखाली होता. बाबा पिंपरीतल्या एका कंपनीत टूलरूमला फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी फोटोग्राफर. लातूरकडून आलेल्या या माणसाने आयुष्यात हौस म्हणून घेतलेली वस्तू ही एकच, तीही सेकंडहँड. आमची बारशी, शेजाऱ्यांच्या वास्तुशांती, कंपनीतले निरोप समारंभ, सगळं त्याच एका लेन्समधून गेलेलं.

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लेन्सवरची फोकसची रिंग फिरवायला गेले. रिंग जागची हलेना. आतलं ग्रीस वाळून खडखडीत झालं होतं. अलीकडे त्यांचे हात थरथरतात. त्याच हातांनी दोन-तीनदा जोर लावला आणि कॅमेरा माझ्याकडे दिला. "राहू दे. आता कुठं फोटो काढायचेत मला."

त्यांचं हे 'राहू दे' मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते एकदा म्हटलं की ती गोष्ट हा माणूस पुन्हा कधीही मागत नाही. दृष्टी परत आल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. ती तरी मिळायला हवी, असं मला फार वाटलं.

लेन्स पुण्यातल्या एका दुकानात दाखवली. दुकानदाराने लेन्सकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "भाऊ, हे आता कोणी करत नाही. शोकेसमध्ये ठेवा." माझा पारा चढला. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणं हेच माझं काम. अशा माणसाला कोणी 'होत नाही' म्हटलं की तो ऐकत नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं, "दुकानात दिलीय, होईल." आणि लेन्स माझ्या डब्याच्या पिशवीत लपवली.

मग शिक्षण सुरू झालं. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि गुरुवारच्या सुट्टीला, बाबा बागेत गेले की दार लावून बसायचं. पुढची रिंग बोटांनी निघेना, तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा तिच्यावर दाबून फिरवली. आतल्या रिंगला समोरासमोर दोन खाचा होत्या. तिला खास हत्यार लागतं, ते माझ्याकडे नव्हतं, म्हणून स्टेशनरीच्या दुकानातून कर्कटक आणलं. "मुलगा कितवीला?" दुकानदाराने विचारलं. मी बेधडक "दहावीला" म्हणालो. स्क्रू तर इतके बारीक, की शिंकलं तर शोधायला घर झाडावं लागलं असतं. ते क्रमाने ठेवायला आप्पेपात्र घेतलं, एका खळग्यात एक. बायकोने पाहिलं, कपाळाला हात लावला, पण बाबांना काही सांगितलं नाही.

खरी मेख होती शेवटी. फोकस म्हणजे नळीत फिरणारी नळी. पण बाटलीच्या झाकणाला एकच आटा असतो, इथे सहा आटे शेजारीशेजारी सुरू होतात. आतली नळी बाहेर काढली की परत बसवायला सहा जागा. सहाही ठिकाणी ती गुमान आत शिरते आणि त्यातली एकच बरोबर. म्हणून काढण्याआधी दोन्ही नळ्यांवर खूण करून ठेवायची असते.

मी केली होती खूण. कंपनीत बोल्ट नीट आवळला की त्यावर आम्ही पिवळ्या पेंट मार्करने रेघ मारतो. ती रेघ दिसली की काम ओके. तोच मार्कर, तशीच ऐटदार रेघ. खूण आहे म्हटल्यावर मोबाइलवर फोटो कशाला काढायचा? मग नळ्या वेगळ्या केल्या, वाटीत थिनर ओतलं आणि वाळलेलं ग्रीस ब्रशने घासून काढलं. नळ्या चांदीसारख्या लख्ख झाल्या. पिवळी रेघसुद्धा ग्रीसबरोबर वाटीत उतरली होती.

कंपनीत रेघ शेवटी मारतात, सगळं धुऊन-पुसून झाल्यावर. घरी मी ती सुरुवातीला मारली आणि मग स्वतःच्याच हाताने धुतली. असा प्रकार माझ्या लाइनवर एखाद्या पोराने केला असता, तर अख्ख्या शॉपला ऐकू जाईल इतका मी ओरडलो असतो.

पुढचे दोन गुरुवार अंदाजपंचे गेले. एका जागी नळी बसवायची, लेन्स कॅमेऱ्याला लावायची, गच्चीवरून लांबच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचं. टाकी धूसर. परत खोल. चार जागा झाल्या आणि त्यातल्या कुठल्या झाल्या हेही विसरलो. एक आटा किंचित दुखावलासुद्धा. इकडे बाबा 'राहू दे' म्हणून गप्प बसले नव्हते. मी दुकानात दिल्याचं सांगितल्यापासून त्यांची आशा जागी झाली होती. एक दिवसाआड विचारायचे, "आली का रे लेन्स?" मी "कारागीर गावाला गेलाय" असं काहीबाही सांगायचो.

एका रविवारी, फर्स्ट शिफ्टहून येऊन मी चहा घेत होतो. बाबा समोरच होते. बायको आतून आली, हातात आप्पेपात्र. "अहो, तुमचे हे स्क्रू कुठे ओतू? महिना झाला, मला आप्पे करायचेत."

बाबांनी आप्पेपात्रात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, पिशवीतला लेन्सच्या नळ्यांचा डबा आणून त्यांच्यासमोर उघडला आणि सगळं सांगून टाकलं. दुकानाची थाप, पिवळी रेघ, थिनर, दुखावलेला आटा. सेहेचाळीस वर्षांचा मी, शाळेतल्या पोरासारखा कबुली देत होतो.

त्यांनी चष्मा चढवला. बाहेरची नळी उचलून दाराच्या उजेडात धरली आणि सावकाश फिरवायला लागले. "काय हुडकायलाव, बाबा?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझी गावाकडची बोली आपोआप बाहेर येते.

"हे बघ," ते म्हणाले.

नळीच्या कडेवर केसाएवढी रेघ होती. स्क्राइबरने, म्हणजे टोकदार पोलादी सळईने, धातूवरच ओढलेली. आतल्या नळीवरही तशीच एक. इतके दिवस मी ती ओरखडा समजत होतो.

"टूलरूममधी रंगाची खूण करत नसतात. तेलानं जाती, कूलंटनं जाती. रेघ मारावी तर अशी."

"म्हणजे तुम्ही ही आधी उघडली होती? कधी?"

बाबा हसले. "तू दुसरीत होतास. खोबरेल कुणी ओतलं होतं हिच्यात?"

दर रविवारी बाबा सायकलला, आईच्या शिलाई मशीनला, दाराच्या बिजागऱ्यांना तेल द्यायचे. एका रविवारी मला वाटलं, कॅमेरा राहिला. आईची खोबरेलाची बाटली घेऊन मी लेन्सच्या फटीत चांगलं सढळ हाताने तेल सोडलं होतं. थंडी पडली, खोबरेल थिजलं आणि लेन्सही. कंपनीत कोणाच्या तरी निरोप समारंभात बाबांना सगळ्यांसमोर कॅमेरा पिशवीत घालून परत यावं लागलं. आई त्यावरून खूप बोलली होती. तेव्हा बाबा म्हणाले होते, "माझंच चुकलं. मीच भलतं तेल टाकलं." मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. वाचलो, कोणाला कळलं नाही, असं समजून एकोणचाळीस वर्षं जगलो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"लेन्सला खोबरेलाचा वास येत होता की."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू तर मदत करायलास असंच तुला वाटत होतं." त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "चल, हात तुझे, डोळे माझे. रेघंला रेघ लाव."

माझा बाप मला तेव्हा ओरडला असता तर मी ते केव्हाच विसरलो असतो. तो ओरडला नाही, याचे उपकार मला या वयात कळले आणि ते फेडायचे कसे, हे मला खरंच माहीत नाही.

रेघेला रेघ लागली. बाबांनी सांगितलं तसं दुखावलेल्या आट्यावरून कर्कटकाचं टोक हलक्या हाताने फिरवलं, नवं ग्रीस बोटाने पुसटसं लावलं. नळी आत गेली, रिंग लोण्यासारखी फिरली. गच्चीवर गेलो. टाकीवरची शिडी पायरीपायरीने दिसत होती.

मी मागवलेला फिल्मचा रोल कुरियरने आला. बाबांनी मला दारातल्या उजेडात उभं केलं आणि बराच वेळ ती रिंग उगाचच पुढे-मागे फिरवत राहिले. "हालू नको," ते म्हणाले. मी श्वास रोखून उभा होतो. कॅमेरा त्यांच्या हातात थरथरत होता.

रोल धुऊन फोटो आले. पहिलाच माझा. बाबा तो चष्म्याजवळ नेऊन बघत बसले. नाक, डोळे, मागचं दार, सगळ्यांना दुहेरी कडा आल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"हालला की रे."

"मीच हाललो, बाबा," मी म्हणालो.