आईने गेममधल्या दिव्याला हात जोडले

मंडळी, आज भर दुपारी आमच्या निमगाव केतकीच्या घरात दिवेलागण झाली. सांगते.

मी गेम बनवते. सध्या गेममधल्या एका खेड्यात दिवस-रात्र फिरवायचं कोडिंग माझ्याकडे आहे. तपासायला सोपं जावं म्हणून तिथला अख्खा दिवस मी मिनिटाभरात संपवते. पण संध्याकाळ काही केल्या जमेना, आणि काम तर आजच द्यायचं होतं.

शेजारी आई गवार मोडत बसलेली. गेममधला सूर्य बुडाला, स्क्रीन काळी झाली, तशी ती म्हणाली, "लाईट गेली व्हय गं तुझ्या गावातली?"

चिडलेच मी! पण तिचं खरं होतं. सूर्य खाली गेला की मी उजेड एकदम शून्य करत होते. मग तो हळूहळू उतरवला, आभाळात थोडा तांबूसपणा ठेवला आणि पुरता अंधार पडायच्या आधीच घरांतले बल्ब लावले.

पुन्हा चालवलं. पहिला बल्ब लागला आणि आईने हातातली गवार खाली ठेवून हात जोडले. रोज तिन्हीसांजेला बटण दाबल्यावर जोडते, अगदी तसेच. बाहेर टळटळीत ऊन!

"आई, अगं खोटा हाय त्यो दिवा."

"असंना का. लागला न्हवं?"

हा नमस्कार नक्की कुणाला असतो हो? तुमच्याकडे अजून कुणी करतं का? मी तर कधीच सोडून दिला होता. पण काम पाठवण्याआधी शेवटचं तपासताना तो बल्ब लागला, आणि कीबोर्डवरचे माझेही हात उचलले गेले.