दुसऱ्याच्या नावाचं ताट

देवळा सोडून सटाण्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर एक खानावळ आहे. पाटी वगैरे काही नाही. पुढे पत्र्याची पडवी, तिच्यात लाकडी बाकं, मागे राहतं घर. घरात जे शिजेल तेच पडवीत मिळतं. मी दवाखान्यांतली, लॅबमधली रक्त तपासायची यंत्रं दुरुस्त करतो. राहायला नाशिकला, गंगापूर रोडला, पण आठवड्यातला एक दिवस सटाण्याचा ठरलेला. बरीच वर्षं तो दिवस ढाब्यावरच्या तेलकट जेवणावर काढला. मग तिथल्या एका लॅबवाल्यानं ही जागा सांगितली.

पहिल्यांदा गेलो तेव्हा थंडी होती. चुलीवरची बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. खानावळ चालवणारी बाई पस्तिशीची असेल, मोजकं बोलणारी. पडवीच्या कडेला हात धुतले आणि सवयीनं घसा खाकरला. जेवायला बसण्याआधी मी नेहमी खाकरतो. लहानपणी आई त्यावरून चिडवायची. त्या दिवशी मी खाकरलो आणि आत एक भांडं पडलं.

दारात एक म्हातारी आली. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नसावं. चौकटीला धरून ती माझ्याकडे कान करून उभी राहिली.

"कोण शे?"

"गिऱ्हाईक हाय, आई. नाशिकचे साहेब," ती बाई म्हणाली. त्यावरून कळलं की दोघी सासू-सुना आहेत.

म्हातारी हळूहळू येऊन माझ्यापासून हातभर अंतरावर बाकावर टेकली. "खा रे भाऊ," ती म्हणाली. "सावकाश खा."

त्या बाजूला कुणीही कुणाला भाऊ म्हणतं. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. माझी आई मी कॉलेजात असताना गेली, आणि तेव्हापासून माझ्या जेवणाकडे असं लक्ष लावून कुणी बसलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी गाडीतून उतरायच्या आधीच ती बाकावर येऊन बसलेली होती. मग प्रत्येक खेपेला तसंच. सुनेनं ठेचा वाढला की म्हणायची, "त्याले नको देऊ. पित्त व्हतं." मला ठेचा आवडतो, पण मी बाजूला सारायचो. एकदा तिनं माझ्यासाठी मुद्दाम डुबुक वडे करायला लावले. रश्श्यात सोडलेले बेसनाचे वडे. मी तोवर ते कधी खाल्ले नव्हते. ती म्हणाली, "तुले आवडतंस ना." मी हो म्हटलं, आणि खरंच आवडले.

त्या दिवशी सून माझ्यामागून गाडीपर्यंत आली.

"साहेब, एक सांगायचं होतं. माझे मालक अपघातात गेले. कांद्याची पिकअप घेऊन पहाटे निघालेले, घाटात गाडी पलटी झाली. तुम्ही जेवायच्या आधी खाकरता ना, ते थेट त्यांच्यासारखं हाय. आवाज पण. चेहरा नाय, पण आईंना दिसतंय कुठं? त्यांना घरात भाऊच म्हणायचे सगळे."

मी विचारलं, "त्यांना माहीत नाही का, की ते गेले?"

"सांगितलं ना. दिवसपाणी सगळं झालं घरातच. पण तोंड कुणी दाखवलं नाय त्यांना. दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं." ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "तुम्ही काही बोलू नका त्यांना. तुम्ही यायला लागल्यापासून त्या जेवतात तरी."

मी कबूल केलं. परतीच्या वाटेवर भावडबारीचा घाट लागला तेव्हा काच खाली होती, ती मी वर करून घेतली.

घरी बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजींना बरं वाटतंय तर वाटू दे. पण तू तिथं कुणाच्या नावानं जेवतोयस, ते जरा बघ." मी हसण्यावारी नेलं.

पण जाणं थांबवलं नाही. जेवणच तसं होतं, हे एक. दुसरं असं, की आठवड्यातली ती दुपार मला हवी असायची. म्हातारी फार बोलायची नाही. गाय व्याली, विहिरीला पाणी कमी झालं, अमक्याच्या पोरीचं लग्न ठरलं, असं काहीबाही सांगायची. दूर गेलेल्याला गावातल्या बातम्या द्याव्यात तसं. मला काही विचारायची नाही. कुठे असतोस, कधी येशील, पोरंबाळं कशी आहेत, यातलं काहीच नाही. आणि मला कधी हात लावायची नाही. एकदा माझ्या हातून पाण्याचा तांब्या कलंडला. मी तो सावरायला तिच्या बाजूला वाकलो, तशी ती चटकन मागे सरकली. मला वाटलं, पाणी अंगावर येईल म्हणून सरकली असेल.

सून तेवढा वेळ चुलीकडे तोंड करून बसायची. भाकरी थापायचा आवाज मात्र मी खाकरलो की क्षणभर थांबायचा. माझं खाकरणं मलाच ऐकू यायला लागलं होतं. घरी, ऑफिसात, कुठेही घशाशी आलं की वाटायचं, हा आवाज नक्की कुणाचा?

भाद्रपदातली गोष्ट. मी पोचलो तेव्हा पडवी रिकामी होती. बाकं भिंतीला उभी लावलेली. बंद दिसतंय म्हणून परत फिरणार, तोच घशात धूळ गेली आणि मी खाकरलो. आतून म्हातारीचा आवाज आला, "उना!" आला, असं ती कुणाला तरी सांगत होती.

सून लगबगीनं बाहेर आली. डोळे लाल होते. "साहेब, आज खानावळ बंद हाय. ह्यांची तिथ हाय आज. पाहुणे जेवून गेले आत्ताच. तुम्ही..."

तिचं बोलणं संपायच्या आत म्हातारी दारात आली होती. "मधमा येऊ दे त्याले," ती म्हणाली. आत येऊ दे. आवाज असा होता, की सून बाजूला झाली.

इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच त्या घरात पाऊल टाकलं. मधल्या खोलीत भिंतीशी पाट मांडला होता. पुढे केळीच्या पानावर खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, भोपळ्याची भाजी आणि वाटीत डुबुक वडे. भिंतीवर हार घातलेला फोटो. चेहरा माझ्यासारखा अजिबात नव्हता.

"बठ," म्हातारी म्हणाली.

मी सुनेकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. मी पाटावर बसलो. म्हातारी समोर, नेहमीसारखीच हातभर लांब, जमिनीवर बसली.

"त्या दिन तू उपाशी गया," ती म्हणाली. "मी सांगं, भाकर व्हई राहिनी, थांब. तू थांबना नही. मन्हा जीव त्यामाच अटकेल व्हता."

मग मला कळलं. आपला मुलगा जिवंत आहे असं तिला कधीच वाटलं नव्हतं. तो मेला हे तिला पक्कं ठाऊक होतं. इतके दिवस ती मलाच मेलेला समजत होती. उपाशी गेलेला, म्हणून दर आठवड्याला भुकेनं परत येणारा. तांब्या सावरताना ती मागे का सरकली, मला कधीच काही का विचारलं नाही, सगळं एकदम उलगडलं. उठून, मी जिवंत आहे हो, असं म्हणावंसं वाटलं.

"खा," ती म्हणाली, आणि मी खाल्लं. चव लागली नाही. घास उतरत होते एवढंच. पान संपत आलं तशी ती पुढे झुकली.

"दुखनं का रे तुले? घाटमा?"

दाराशी उभी असलेली सून जागच्या जागी ताठ झाली. तिनं मला गप्प राहायची खूण केली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "एकदम झालं. काही कळलंच नाही."

म्हातारीनं डोळे मिटले. मग म्हणाली, "पोट भरनं?"

"भरलं."

"मंग जाय आते. आते नको येऊ, भाऊ. तुले पुढे जावानं शे."

मी उठलो. ती उठली नाही. मी उंबरा ओलांडेपर्यंत ती माझ्या पावलांचा कानोसा घेत होती, हे मला पाठीवर जाणवत होतं.

सून गाडीपर्यंत आली. ऊन होतं, रस्त्यावरून कांद्याचे ट्रॅक्टर जात होते. तिनं गाडीच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाली, "मला पण तेच विचारायचं होतं."

"ताई, मी आपलं..."

"माहीत हाय," ती म्हणाली. "तुम्हाला कसं माहीत असणार? पण तुम्ही सांगितलंत, बरं झालं."

त्यानंतर मी तिथं थांबलो नाही. सटाण्याला जातो, डबा नेतो. खानावळीपाशी आलो की नकळत वेग वाढवतो. काही दिवस अंगात एक विचित्र गारठा राहिला. बायको मुद्दाम शेजारी येऊन जेवायला बसायची, मला वाढायची, अधूनमधून दंडाला हात लावायची.

मागे एकदा सटाण्याच्या लॅबमध्ये यंत्र उघडून बसलो होतो, तर ती सून समोर उभी. सासूचं रक्त तपासायला दिलं होतं, त्याचा रिपोर्ट न्यायला आली होती. साखर जरा वाढलीय म्हणाली, बाकी बऱ्या आहेत, रात्रीच्या झोपतात आता. खानावळही बरी चाललीय.

मग ती जरा घुटमळली. "जेवायला या, असं म्हणायला पाहिजे," ती म्हणाली. "पण म्हणता येत नाय."

"हो," मी म्हणालो. "कळतं मला."

रिपोर्ट पिशवीत घालून ती एसटी स्टँडकडे गेली. मी यंत्र जोडलं, चालू करून पाहिलं. लॅबवाला म्हणाला, साहेब, दीड वाजला, डबा खाऊन घ्या. खाकरणं घशाशी आलं होतं, ते गिळून मी त्याला म्हटलं, तू खा. मी नंतर खातो.