आबांची रदबदली

आबांना भोवळ यायची आणि ते कुठंही पडायचे. यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. साहेबांच्या हातापाया पडून मी काही महिने घरून काम करायची परवानगी मिळवली आणि बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत लॅपटॉप उघडून बसले. मला वाटलं, आबा खूश होतील.

गंगापूरकडं मेंढरं वळण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या लेखी सरकारी नोकरी म्हणजे सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारी लेक. ती दिवसा घरात दिसते, म्हणजे सस्पेंड झालेली. मी दहादा समजावलं. ते मान हलवायचे आणि दार लोटून घ्यायचे. शेजारीण आली की म्हणायचे, "बाईला बरं नाय." चहात दूध घालू देईनात. का, तर "आवडंना झालंय." मला आधी हसू यायचं, मग चिडचिड व्हायची.

एकदा मी त्यांच्या गोळ्या घेऊन आले तर आबा घरात नाहीत. गल्लीगल्ली शोधत फिरत होते, तेवढ्यात साहेबांचा फोन आला, "तुमचे वडील इथं ऑफिसात बसलेत." धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून ते एकटे बसनं शहरात गेले होते. साहेबांपुढं हात जोडून म्हणाले होते, "लेकराचं काय चुकलं आसंल तर पोटात घाला. कामावर घ्या तिला."

साहेबांनी त्यांना चहा पाजला, शिपायाला सोबत देऊन रिक्षानं घरी पाठवलं. माणूस वाईट नाही. पण दुसऱ्या दिवशी माझी परवानगी रद्द झाली. "एकटे बसनं येतात की ते. बाकीचा स्टाफ मला जाब विचारतो. शिस्त नको का ऑफिसला?" मला साहेबांचा राग आला आणि आबांचा त्याहून जास्त आला.

मी डबा घेऊन निघाले तेव्हा आबा दारात ताठ उभे होते. "घेतलं बरं का आमच्या बाईला कामावर," शेजारणीला सांगत होते. त्या दिवसापासून चहात दूध चालू लागलं. काय घडलंय ते मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होते? शेजारणीला तेवढं लक्ष ठेवायला सांगितलं.

महिनाभरात ते मोरीत पडले. शेजारीण धावत आली. तिनं त्यांना खाटेवर निजवलं आणि मला फोन लावायला घेतला, तर त्यांनी तिचा हात धरला. "नका सांगू. आत्ताच घेतलंय तिला कामावर. सुटल्यावर सांगा."

पाणी पिऊन ते पडून राहिले, तिला वाटलं डोळा लागला. ऑफिस सुटून मी जिना उतरत होते तेव्हा तिचा फोन आला. "तुमचं ऑफिस सुटायची वाट पाहिली," ती म्हणाली, "आणि चहाला उठवायला गेले तर आबा उठेनात."