चकव्याचा दुसरा भाग

फोनवर प्रकाशचं नाव दिसलं आणि मी तो वाजू दिला. खोटं कशाला बोलू... पाच महिने आमच्यात बोलणं नव्हतं. सकाळी अकराला, समोर दोन माणसं अर्ज घेऊन उभी असताना, याला आता माझी आठवण झाली काय, मग वाजू दे थोडा, असं मी मनात म्हणालो. फोन वाजून थांबला, परत वाजला. दुसऱ्यांदा घेतला तेव्हा काय बोलायचं ते तयारच होतं. "बोला साहेब, रस्ता चुकलात का?" असं मी म्हणालो. पलीकडं वैशाली वहिनी होत्या. "भावजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. जालन्यातल्या मस्तगडच्या घराचा जिना चढताना प्रकाशच्या छातीत कळ आली, तो पायरीवर बसला आणि उठलाच नाही. वय सत्तेचाळीस, माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. त्या दोन माणसांचे अर्ज मी तसेच हातात धरून घरापर्यंत नेले होते, हे मला संध्याकाळी कळलं.

आम्ही दोघं कुंभार पिंपळगावचे. एकाच आळीत वाढलो, एकाच वर्गात शिकलो आणि पुढं मागं जालन्यात आलो. मी कचेरीत कारकून झालो. तो बियाण्यांच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा आणि सुट्टीच्या दिवशी वरच्या खोलीत बसून गेम बनवायचा. त्यातला एकच मनासारखा पुरा झाला, आणि तो ज्यांना ठाऊक आहे त्यांना प्रकाश ठाऊक आहे. त्याचं नाव 'चकवा'. (जुन्या खेळाडूंनी पुढची चार वाक्यं गाळली तरी चालतील.) दिगंबर नावाचा एक पोरगा आठवडी बाजारातून पिशवी घेऊन शेतातल्या वस्तीकडं निघतो. नकाशा नाही, बाण नाही. भेटेल त्याला वाट विचारायची, आणि आपल्याकडची माणसं वाट सांगतात तशीच ती सांगतात, म्हणजे कुणी बाभळीपासून सांगतो, कुणी मेलेल्या माणसाच्या घरापासून. या माणसांची बोलणी मी लिहिली होती, आणि पोराला नाव माझं दिलं ती प्रकाशची चेष्टा, असं मी धरून चाललो होतो.

मग दिवस मावळतो आणि चकवा लागतो. तीच विहीर, तीच बाभळ, परत तीच विहीर. बोट कितीही आपटा, पोरगा गोल गोल फिरत राहतो. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची की चकवा लागला की चालू नये, आहे तिथं बसावं. प्रकाशनं नेमकं तेच केलं होतं. फोन खाली ठेवायचा आणि चार मिनिटं हात लावायचा नाही. बस, एवढंच गुपित. पण ते गेममध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं. शंभरातले बहुतेक जण शिव्या देऊन गेम काढून टाकायचे. जे थोडे टिकले, ते मात्र असे टिकले की विचारू नका. भोकरदनच्या एका गुरुजींनी प्रकाशला चक्क पोस्टकार्ड पाठवलं होतं, "वाट सापडली. कशी, ते कुणाला सांगणार नाही." आणि खरंच, सहा वर्षांत या लोकांपैकी एकानंही ते गुपित कुठं उघड्यावर लिहिलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "फिरत राहा, सापडंल."

दुसरा भाग काढायचा ठरला आणि आमची तोंडं वाकडी व्हायला लागली. या भागात दिगंबर मोठा होऊन जालन्यात राहायला येतो आणि भर दिवसा मस्तगडच्या गल्ल्यांत त्याला चकवा लागतो. तेच दुकान, तोच कोपरा, परत तेच दुकान. जुन्या खेळाडूला दुसऱ्या फेरीला झटका बसावा की अरे, हा तर तोच, गावचा! आणि त्यानं आपणहून फोन खाली ठेवावा. प्रकाश हे सांगताना खुर्चीतून उठायचा. मी म्हणालो, "आणि ज्यानं पहिला भाग पाह्यलाच न्हाई त्यानं काय करावं?" तो म्हणाला, "त्यानं चुकावं. जुने बी चुकलेच होते की." मी म्हणालो, "जुने चुकले तवा तुझ्याकडं गमवायला काही नव्हतं. आता नव्या माणसाला दोन मिनिटांत काही कळलं न्हाई तर तो निघून जातो, बाबा. घरी पाहुणा आला तर मिठाचा डबा कुठाय हे सांगावंच लागतं." त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. "डबा सांग ना. पण घास त्याच्या तोंडात घालून, खारट हाय बरं का, असं बी तूच सांगणार का?"

हा वाद पूर्ण उन्हाळाभर चालला. तो त्यात खरंच पिचत होता, हे आता कळतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत होती. जुन्यांना तेच वाढलं तर ते शिळं म्हणणार, वेगळं वाढलं तर हे आपल्या घरचं नाही म्हणणार, आणि नवे तर ताटावर बसायच्या आधीच उठणार. मी मात्र निवांत होतो. उंटावरून शेळ्या हाकायला कष्ट पडत नाहीत. शेवटी एका रविवारी तो थकून म्हणाला, "लिही मंग तूच, काय लिहायचं ते." आणि मी लिहिलं. चकव्याच्या तिसऱ्या फेरीला पडद्यावर ओळ यायची, 'घाबरू नका. फोन खाली ठेवा आणि चार मिनिटं बसा.' खाली उलटं मोजणारं घड्याळही मीच घालायला लावलं, म्हणजे किती राहिलं ते कळेल. मला वाटलं, आपण मोठं शहाणपणाचं काम केलं.

नवे लोक आले, नाही असं नाही. भराभर आले, घड्याळाकडं बघत चार मिनिटं बसले, 'छान आहे' म्हणाले आणि गेले. जुन्यांनी मात्र आम्हाला फाडून खाल्लं. सहा वर्षं पोटात ठेवलेलं गुपित आम्हीच चव्हाट्यावर मांडलं होतं. गुरुजींचं पुन्हा कार्ड आलं, त्यावर एकच ओळ होती, "आम्ही कुणासाठी गप्प बसलो होतो?" प्रकाश ते कार्ड शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचा. मग त्यानं ती ओळ काढली. लगेच नव्यांची ओरड, की गेम बिघडलाय, अडकून पडतो. मग परत घातली. परत काढली, परत घातली. महिन्याभरात हे तीनदा झालं आणि जुने-नवे दोघंही आमच्यावर हसायला लागले.

शेवटचं भांडण त्यावरूनच झालं. मी त्याच्या खोलीत उभा होतो, तो नेहमीसारखा खुर्चीत. मी म्हणालो, "एकदा ठरव बराबर. तुला खेळणारे नको हायती प्रकाश, तुला भक्त पायजेत. चार जुनी डोकी कुरवाळत बस." मी हे बोललो. हे शब्द माझेच आहेत, आणि ते मी मोठ्यानं बोललो, खाली स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तो रागावला नाही. माझ्याकडं बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "दिगंबऱ्या, तू पहिला भाग पुरा खेळलाय का रे कधी?" मी उसळलो. "खेळायचं काय त्यात? लिहिलाय मी तो!" त्यानं मान हलवली आणि लॅपटॉप मिटला. मी जिना उतरलो. त्यानंतर पाच महिन्यांत त्यानं फोन केला नाही आणि मीही केला नाही. अंतर किती, तर पायी पंधरा मिनिटांचं.

तेराव्याला गुरुजी भोकरदनहून पहिल्या गाडीनं आले. धोतर, टोपी, आणि हातात फोन. या वयाचा माणूस गेम खेळत असेल असं कुणाला वाटलं नसतं. ते ओळीनं सगळ्यांना विचारत माझ्यापाशी आले. "तुम्हीच का ते दिगंबर?" म्हटलं, हो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचनात. म्हणाले, "लई इच्छा होती तुम्हाला बघायची. शेवटी हाक येती ना, ती ऐकल्यापासनं." मी विचारलं, कसली हाक? शेवटी वस्तीवरचा दिवा दिसतो ना? गुरुजींनी हात सोडला. माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. "तुम्ही बसलाच न्हाई म्हना की..." एवढं बोलून ते पंगतीकडं गेले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

खरं होतं ते. मी कधी बसलो नव्हतो. बसायचं असतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, शेवटी दिवा दिसतो हेही त्यानंच सांगितलं होतं, मग माहीत असलेल्या गोष्टीसाठी चार मिनिटं कोण घालवणार? मी सबंध उन्हाळा नव्यांची बाजू घेऊन भांडलो असं समजत होतो. पण नव्यांची बाजू कसली... ज्याला चार मिनिटं दम निघत नाही त्या माणसाची, म्हणजे माझी स्वतःची वकिली मी करत होतो. त्या दिवशी दुपारी घरी येऊन मी पहिला भाग उघडला. बाजारातून निघालो, माझीच माणसं मला माझ्याच शब्दांत वाट सांगत होती. विहीर आली, बाभळ आली, विहीर आली. फोन पलंगावर ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसलो. पहिलं मिनिट नुसती चीड येते. दुसऱ्याला रातकिडे ऐकू यायला लागतात, ते आधीपासून असतात पण आपण ऐकलेले नसतात. मग लांब कुठंतरी कुत्रं भुंकतं. चार मिनिटं झाली आणि दिव्याच्या आधी हाक आली. नाव माझं होतं आणि आवाज प्रकाशचा.

आम्ही सहावीत असताना मी बाजारातून आडवाटेनं एकटाच निघालो होतो आणि दिवेलागणीला एकाच विहिरीला घिरट्या घालत रडत होतो. मला शोधायला आलेला प्रकाश बांधावरून असाच ओरडला होता. मी ते पार विसरलो होतो, की मला ते विसरायचं होतं, कोण जाणे. त्यानं त्यावर सगळा गेम उभा केला आणि मला एका अक्षरानं सांगितलं नाही. सांगून ते पोचलं नसतं, असं त्याला वाटलं असणार. सहा वर्षं तो माझ्या बसण्याची वाट बघत होता आणि मी त्याला घड्याळ घालायला सांगत होतो.

पुढच्या रविवारी मी मस्तगडला गेलो. वैशाली वहिनींनी आधीच सांगून ठेवलं होतं, "त्या दुसऱ्या भागाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा भावजी, मला त्यातलं काही कळत न्हाई." ती ओळ कायमची काढून टाकायची असं ठरवून मी घरातून निघालो होतो. पण त्या जिन्यात पाय अडला. काढली तर नवा माणूस शिव्या घालून जाणार, त्याला काहीच ऐकू येणार नाही. ठेवली तर तो घड्याळ बघत बसणार, म्हणजे ऐकूनही ऐकू येणार नाही. वर खोलीत वहिनी त्याच्या खुर्चीची गादी उन्हात टाकत होत्या. म्हणाल्या, "मला कधी येळच झाला न्हाई ओ त्यांचा खेळ बघायला. एवढं काय होतं त्यात? दाखवा बरं."

मी पहिला भाग लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्या बाजारातून निघाल्या, वाट विचारत गेल्या, दोन ठिकाणी हसल्याही. मग विहीर आली. तिसऱ्यांदा विहीर आली तेव्हा माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भावजी, हे गोल गोलच फिरून राह्यलं. काय करू?" सांगतो, असं तोंडाशी आलं होतं. नुकती नवऱ्याला पोचवलेली बाई समोर आहे, तिच्या नवऱ्याचा आवाज त्या फोनमध्ये आहे, आणि मी गप्प बसायचं? आणि सांगायचं तर मग त्या भांडणातून मी शिकलो काय? मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांनी आणखी दोन फेऱ्या मारल्या, वैतागल्या, "ऱ्हाऊ द्या बाई, च्या टाकते," म्हणाल्या, फोन टेबलावर ठेवला आणि खाली गेल्या.

मी हात लावला नाही. खालून पातेल्याचा, कपबश्यांचा आवाज येत होता. जुने खेळाडू आता मला पुन्हा शिव्या घालतील, पण हे मला लिहायचंच आहे. चार मिनिटांनी त्या खोलीत प्रकाशचा आवाज भरला. "दिगंबऱ्या ओ... थांब तिथंच. हालू नको. मी येऊन राह्यलो."

खालचा भांड्यांचा आवाज थांबला. मग जिन्यावर पावलं वाजली. वहिनी दारात आल्या, हातात चहाची गाळणी तशीच होती. मग म्हणाल्या, "अजून एकदा लावा की."

"तसं लावता येत न्हाई, वहिनी," मी म्हणालो. "पहिल्यापासनं निघावं लागतं. परत चुकावं लागतं."

त्यांनी गाळणी टेबलावर ठेवली, खुर्ची पुढं ओढली आणि फोन हातात घेतला.

"चुकते मंग," त्या म्हणाल्या.