चाचांचं बिस्किट आणि माझं इंग्रजी

आरमोरीत आजवर माझं इंग्रजी मनापासून मानणारा एकच माणूस मला भेटला, तो म्हणजे आमच्या शाळेसमोरचे बेकरीवाले चाचा. त्यांचं त्यामुळे नुकसानच झालं, पण तरीही त्यांचं मत बदललं नाही. मी वीस वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. एवढी निष्ठा माझ्या एकाही विद्यार्थ्याने दाखवलेली नाही.

चाचा एक बोटभर लांबीचं, वर साखर पेरलेलं, स्पंजसारखं हलकं बिस्किट करायचे. ते मागितलं की आधी विचारायचे, "कोणासाठी पाह्यजे?" मग नाव ठरायचं. दात येणाऱ्या बाळासाठी ते दाताचं बिस्किट, दात पडलेल्या आजोबांसाठी बिनदाताचं, आजाऱ्यासाठी दवाखान्याचं. एका नवरदेवाच्या बापाला त्यांनी तेच 'विलायती' म्हणून दिलं. त्या गृहस्थांनी लग्नभर पाहुण्यांना तसंच सांगितलं आणि दोन वर्षांनी नातवासाठी दाताचं न्यायला आले, तेव्हा विलायतीपेक्षा हे चांगलं आहे म्हणाले. चाचांनी मान डोलावली.

हा गोंधळ माझ्यातल्या मास्तरला सहन होईना. एका वस्तूला एकच नाव असावं, यावर मी त्यांना अर्धा तास ऐकवलं आणि बेकरीच्या पाटीवर स्वतःच्या अक्षरात या बिस्किटाचं इंग्रजी नाव, 'लेडी फिंगर', लिहून दिलं. आठवड्याभरात एक शेतकरी पोतंभर भेंडी घेऊन बेकरीसमोर उभा राहिला. त्याची मुलगी माझ्याच सहावीत होती. तिने पाटी वाचून बापाला सांगितलं होतं की चाचांनी भेंडीचा धंदा सुरू केला; आणि लेडी फिंगर म्हणजे भेंडी, हे तिला शिकवणारा मीच. चाचांनी त्याला परत पाठवलं नाही, सगळं पोतं ठेवून घेतलं. त्यातली निम्मी मी घरी नेली आणि पुढचे चार दिवस आमच्याकडे दोन्ही वेळा भेंडी होती. मी शरमून पाटी पुसायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "सरनं लिहून देल्लं म्हणजे बराबरच असन," म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात माझी आई अंथरुणाला खिळली आणि तिचं जेवण सुटलं. डॉक्टर म्हणाले, मऊ काहीही द्या, पण पोटात जाऊ द्या. मी चाचांकडे गेलो. आईने जन्मात अंड्याला हात लावला नव्हता आणि हे बिस्किट तर अंड्यावरच फुगतं. मी हळूच म्हणालो की तिला ताकदीच्या पावडरचं आहे असं सांगू. नाहीतरी तुम्ही रोज नवं नाव देताच. हे मी म्हणालो. मी, जो दर शनिवारी मुलांना मूल्यशिक्षण शिकवतो.

चाचा हात पुसत उठले. "मी नाव बदलवतो, सर. माल नाई बदलवत. यात अंडं हाय, हे बाईले सांगाच लागन."

मी चिडलो, नको ते बोललो आणि रिकाम्या हाताने घरी आलो. आईने त्या दिवशी फक्त दोन चमचे पेज घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचाच डबा घेऊन दारात उभे होते. ते सरळ आईच्या खाटेजवळ जाऊन बसले. डब्यात चपटे, वाकडेतिकडे, कडेला करपलेले तुकडे होते. अंड्याऐवजी दही घालून सकाळपासून तीन घाणे वाया घालवल्यावर हा चौथा कसाबसा जमला होता. "बाई, यात अंडं नाई. फुगलं नाई म्हणून दिसाले खराब हाय," ते म्हणाले. आईने दोन तुकडे चहात बुडवून खाल्ले. मग विचारलं, "काय म्हणते याले?"

चाचांनी डब्यातले तुकडे उलटसुलट केले. त्यांना एकही नाव सुचलं नाही. आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

त्यानंतर ती दीड महिना होती. चाचा दिवसाआड डबा आणत राहिले आणि मी त्यांची माफी मागायचं रोज उद्यावर ढकलत राहिलो. आई गेल्यानंतर एकदा मधल्या सुट्टीत मी बेकरीत गेलो आणि ते चपटं बिस्किट मागितलं. चाचांनी भट्टीकडे तोंड फिरवलं, ट्रे उगाच इकडचा तिकडे ठेवला.

"ते मी आता नाई बनवत," म्हणाले. "ते बाईचं होतं."

शाळेची घंटा झाली. मी तिथेच बाकावर बसून राहिलो. चाचांनी चहा ठेवला, दोघांपुरता.