हश्मत आगांचा बर्फ

वाळवंटातल्या यझ्द शहराच्या कापडबाजारात हश्मत आगांच्या दुकानी कुणाला एका दमात किंमत कळली, असं कधी झालं नाही. गिऱ्हाइकानं जरीच्या कापडावर बोट ठेवून "हे केवढ्याला?" म्हटलं, की आगा छातीवर हात ठेवून म्हणायचे, "तुमच्यापुढे त्याची काय किंमत! घेऊन जा, तुमचंच आहे." गिऱ्हाईक म्हणायचं, "छे छे, सांगा." आगा पुन्हा, "खरंच, राहू द्या हो." तिसऱ्यांदा विचारलं की आकडा बाहेर पडायचा, आणि तो असा असायचा की गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरायचं. खरी घासाघीस तिथून सुरू. आमच्याकडे सगळेच असं बोलतात, टॅक्सीवाला, न्हावी, दात काढणारा डॉक्टरसुद्धा. पण आगांचं बोलणं इतकं मनापासूनचं वाटायचं की परगावची माणसं बिचारी ओशाळून जायची.

बायको गेली आणि आगांनी दुकान भाड्यानं दिलं. एकुलती एक मुलगी, मेहरनुश, लांब स्वीडनमध्ये नोकरीला. आई गेली तेव्हा तिला वेळेत पोचता आलं नव्हतं. त्यानंतर ती एकदाही यझ्दला आली नाही. दर शुक्रवारी दुपारी फोन मात्र न चुकता यायचा. "कसे आहात बाबा?" "बरा आहे, देवाची कृपा." "जेवलात?" "जेवलो. तू?" "मीही." एवढं झालं की दोघंही गप्प. मग मेहरनुश तिथल्या थंडीबद्दल सांगायची, आगा इथल्या उन्हाबद्दल, आणि फोन संपायचा. नव्या वर्षाचा सण, नवरोझ, जवळ आला की ती विचारायची, "येऊ का मी?" आगांचा जीव सुपाएवढा व्हायचा आणि तोंडातून निघायचं, "कशाला उगाच त्रास घेतेस? तुझं काम महत्त्वाचं. मी इथं मजेत आहे." "बरं," ती म्हणायची. फोन ठेवला की आगा दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत.

शेजारच्या सीमीन खानम निवृत्त शिक्षिका होत्या. त्या एकदा तोंडावर म्हणाल्या, "हश्मत आगा, तुम्ही दारही लावून घेता आणि कुणी आलं नाही म्हणून खिडकीतही बसता."

"लेकीवर ओझं कशाला घालू मी?" आगा म्हणाले.

"ओझं म्हणे. खडीसाखर टाका चहात, तोंड कडू झालंय तुमचं."

एका शुक्रवारी मेहरनुशनं फोन आणखीच लवकर आवरता घेतला. "बाबा, ठेवते. आमच्या कंपनीचा तांडा निघायचाय."

"तांडा? तुमची कंपनी तर औषधं बनवते ना?"

ती जरा लाजली. मग तिनं सांगितलं, की तो एक खेळ आहे. जगभरची हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच आकाशात व्यापार करतात. ताऱ्याताऱ्यांवर तळ असतात, एकीकडे स्वस्त घ्यायचं, दुसरीकडे महाग विकायचं, टोळ्या करून वाटा धरून ठेवायच्या.

"माल कसला?" आगांनी विचारलं.

"लोखंड, धान्य, बर्फ, यंत्रं…"

"उधारी चालते? वाटेत लुटारू? जकात कोण घेतं?"

मेहरनुश उत्तरं देत राहिली. तांडा तिच्याविना निघून गेला आणि दोघांच्या लक्षातही आलं नाही. आगांना इतकं बोलायला किती वर्षांनी मिळालं होतं. शेवटी ते म्हणाले, "मलाही शिकव."

"बाबा, तुम्हाला टीव्हीचा रिमोट सापडत नाही."

"तो सीमीन खानम लपवतात."

सीमीन खानमनीच आपल्या घरात धूळ खात पडलेला संगणक आणून दिला. वर बजावलं, "तारे मोजायच्या वयात तारे विकायला निघालात. कीबोर्डवर चहा सांडू नका."

खेळात नव्या माणसाला एक लहानसं गलबत, मूठभर पैसे आणि पाण्याच्या घागरीएवढं इंधन मिळतं. आगांनी पहिला शुक्रवार तळावर दिसेल त्याला सलाम करण्यात घालवला. खेळातच भाषांतराची सोय होती. आगा फारसीत लिहीत आणि समोरच्याला त्याच्या भाषेत दिसे. "प्रकृती कशी आहे? घरची मंडळी ठीक ना? मुलं कुठं असतात?" असं त्यांनी एका ब्राझिलियनाला विचारलं, आणि तो ठगाशी गाठ पडल्यासारखा तळ सोडून पळाला. दुसऱ्या शुक्रवारी आगा इंधन न बघताच निघाले आणि दोन ताऱ्यांच्या मधोमध अडकून बसले. मेहरनुशला आपलं जहाज घेऊन त्यांना ओढून आणावं लागलं.

"बाबा, निघताना इंधन बघायचं असतं."

"मला वाटलं वाटेत एखादी सराय लागेल."

"तिथं हवासुद्धा नाहीये बाबा."

पण हळूहळू आगांना जमायला लागलं. कुठल्या तळावर काय तुटवडा आहे ते त्यांना चटकन दिसायचं. खाणीच्या तळांना पाणी लागतं आणि तिथं ते मिळत नाही, हे वाळवंटात जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागलं नाही. मुख्य म्हणजे शुक्रवारचा फोन आता दुपारभर चालायचा. बोलणं बर्फापासून सुरू व्हायचं आणि कुठंही जायचं. मेहरनुश आईनं शिकवलेला भात बिघडल्याचं सांगायची. आगा तिच्या लहानपणी दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर झोपून गेल्याची गोष्ट सांगायचे. "ये" मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

मेहरनुशच्या खेळातल्या कंपनीचा प्रमुख ओलाव नावाचा एक नॉर्वेचा कोळी होता. माणूस सरळ, पण नियमाला कडक. नव्या माणसानं पहिला माल एकट्यानं पोचवायचा, तरच तो कंपनीत. पोचला नाही, तर त्यानं आपली वेगळी वाट धरायची. आगांना बर्फ पोचवायचा होता. कंपनी एक मोठी गोदी बांधत होती आणि पाण्याविना काम अडलं होतं. मेहरनुशनं त्यांना खास ताकीद दिली. "बाबा, हे जमलं तर दर शुक्रवारी आपण एकाच तांड्यात. नाही जमलं तर ओलाव ऐकणार नाही."

आगांनी त्या दिवशी दाढी केली. सीमीन खानम बदामाचं सारण भरलेले गोड कुत्ताब घेऊन आल्या आणि मागं खुर्ची टाकून बसल्या. "बर्फ वितळायच्या आत पोचवा," त्या म्हणाल्या.

आगांनी आपली सगळी शिल्लक घालून गलबत काठोकाठ भरलं. इंधन दोनदा तपासलं. लुटारूंची वाट टाळून लांबच्या रस्त्यानं गेले. निम्म्यावर एका तळावर इंधनासाठी थांबले. तिथं शेजारी उभ्या जहाजाचा मालक, नाव करडा लांडगा, त्यानं विचारलं, "बर्फ आहे ना? थोडा विकणार का? काय भाव?"

प्रश्न पडद्यावर उमटला मात्र, आणि आगांचा हात आपोआप छातीवर गेला. थोडासा विकून चार पैसे सुटले तर परतीच्या इंधनाची सोय होईल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी लिहिलं, "तुमच्यापुढे त्याची काय किंमत! सगळा घ्या, तुमचाच आहे." देवघेवीची चौकट उघडली. मालाच्या रकान्यात त्यांनी सगळा बर्फ मांडला, किमतीच्या रकान्यात शून्य, आणि समोरचा आता "छे छे" म्हणेल म्हणून हात बाजूला घेऊन वाट बघू लागले.

"मनापासून आभार," करड्या लांडग्यानं लिहिलं. गलबत रिकामं झालं. लांडगा निघूनही गेला.

"काय झालं?" सीमीन खानमनी विचारलं.

"घेतला," आगा म्हणाले. "सगळा घेतला."

कुत्ताबची बशी सीमीन खानमनी पुढं सरकवली आणि चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेल्या.

आगांना दुःख बर्फाचं नव्हतं. आता पुन्हा "जेवलात?" "जेवलो," इतकंच उरणार, याचं होतं. फोन वाजला. मेहरनुशला रिकामं गलबत दिसलं होतं.

"बाबा, लुटलं का कुणी?"

"नाही गं. मीच दिला."

"शून्याला?"

"मग काय पहिल्याच तोंडाला आकडा सांगू? तो नाही म्हणेल, मी घ्या म्हणेन, तो परत नाही म्हणेल, मग सांगायचा. रीत आहे ती. एवढं कळू नये माणसाला?"

पलीकडे मेहरनुश हसायला लागली. अशी हसली की तिला श्वास घेता येईना. आगाही ओशाळं हसले. ओलावचा काहीतरी निरोप पडद्यावर लुकलुकत होता, तो दोघांनीही वाचला नाही.

मग हसणं एकदम थांबलं.

"बाबा."

"बोल."

"नवरोझला मी विचारायचे, येऊ का. तुम्ही म्हणायचात, कशाला त्रास घेतेस."

आगांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तेही असंच होतं का? त्या लांडग्याला म्हणालात तसं?"

"तू आमचीच पोर," आगा पुटपुटले. "दुकानात वाढलीस. तुला कळायला नको?"

"गिऱ्हाइकाशी तुम्ही कसं बोलता ते मला पाठ आहे. पण मी गिऱ्हाईक होते का बाबा?" तिचा आवाज फुटला. "आईच्या वेळी मी पोचले नाही. मला वाटलं, त्याचाच राग आहे. तुम्हाला माझं तोंड बघायचं नाही, म्हणून सांगताय येऊ नको. मी एकदा विचारायचे आणि दुसऱ्यांदा विचारायची हिंमत व्हायची नाही."

आगा खुर्चीतून उठले, परत बसले. इतकी वर्षं आपण लेकीला रिकाम्या हातानं दारातून परत पाठवत होतो, आणि वर आपणच तिची वाट बघत होतो, हे त्यांना आत्ता उमगलं. बायको असती तर तिनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं.

"राग कसला गं," ते म्हणाले. "एका दिवसासाठीसुद्धा नव्हता."

"मग आता परत विचारते. येऊ का मी?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आगांच्या जिभेवर सवयीनं तेच आलं, तुझी रजा, तिकिटाचा खर्च, एवढा लांबचा प्रवास. त्यांनी ते गिळलं. गिळताना डोळ्यांत पाणी आलं.

"ये," ते म्हणाले. "नवरोझपर्यंत थांबू नको. मला तुझ्याशिवाय करमत नाही."

मग मेहरनुशनं नाक पुसत विचारलं, "तुमच्यासाठी काय आणू इकडून?"

"काही नको गं," आगा म्हणाले, आणि ती "बरं" म्हणायच्या आत घाईघाईनं पुढं बोलले, "नाही, ऐक, लोकरीचे मोजे आण, जाड. आणि महिनाभर तरी राहा."